पुरे म्हणायला दोन भाषा

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला गेलं की तिसऱ्या फेरीला कुणीतरी गाठतंच. "एवढं वजन उतरलं होतं की हो तुमचं, परत कसं काय चढलं?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देतात. "थोडं कमी जेवायचं बघा. दोनच्या जागी एक भाकरी. एवढंच तर आहे." दीड वर्षात हे इतक्यांदा ऐकलंय की आता लांबून ओळखीचं कुणी दिसलं तर बुटात खडा गेल्याचं निमित्त करून मी खाली वाकते. खाली वाकणंही आता परत अवघड जायला लागलंय, ती गोष्ट वेगळी.

म्हणून एकदाच सांगते.

आकडे आधी, म्हणजे ते पुन्हा विचारायला नकोत. उंची 154 सेंटीमीटर. आठ महिन्यांत 76 किलोवरनं 67 ला आले. पुढच्या सहा महिन्यांत 74. सध्या 72. तुम्ही "ओळखूच येईना" म्हणत होता तेव्हासुद्धा माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजायचा आकडा, 28 च्या वर होता, आणि आपल्याकडचे डॉक्टर 23 च्या पुढं वजन जास्त धरतात, 25 च्या पुढं लठ्ठ. म्हणजे कौतुकाची जरा घाईच झाली तुमची.

आता ती एक भाकरी. कुणाच्या घरची, हे सल्ला देणारा कधी सांगत नाही. मी एकदा पीठ काट्यावर घालून बघितलं. माझी भाकरी 55 ग्रॅम पिठाची, माहेरी वैनी थापते ती 90 ची. तिची एक म्हणजे माझ्या दीडाच्या वर. शिवाय त्या एका भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, चटणीत खड्डा करून तेल. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी आणि तेलाच्या एका ग्रॅमला नऊ. कित्येक वर्षं मी भाकरीला नावं ठेवली आणि खरं वजन चटणीनं वाढवलं.

लहान ताटाचा उपायही करून झाला. पुण्याहून मुलीनं पाठवला होता, संशोधनाचा हवाला देऊन. मग तिनंच कळवलं की ज्या प्राध्यापकानं हे लहान-मोठ्या ताटांचं प्रकरण गाजवलं, त्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉन्सिंकचे बरेच शोधनिबंध मागे घेतले गेले आणि 2018 मध्ये त्याला विद्यापीठाचा राजीनामाही द्यावा लागला. त्याचा 2005 चा एक प्रयोग मात्र मला फार आवडला. सुपाचा बाऊल तळातून नळीनं गुपचूप भरत राहायचा. जेवणाऱ्यांनी 73 टक्के जास्त सूप प्यायलं आणि आपण जास्त प्यायलो हे त्यांना कळलंही नाही. अमेरिकेत त्याला नळी जोडावी लागली. आमच्याकडे वैनी आहे.

आपण सीमेवरची माणसं. थांबवायला आपल्याला दोन शब्द येतात, मराठीत पुरे आणि कन्नडमध्ये साकु. शेजारच्या अक्का "ऊटा आयत्री?", म्हणजे जेवण झालं का, विचारत डब्यातनं काहीतरी घेऊन येतात, त्यांना मी साकु म्हणते, त्या हसतात आणि वाढतात. घरच्यांना पुरे म्हणते, तेही वाढतात. दोन्ही भाषांत ह्या शब्दाचा अर्थ "अजून एकदा आग्रह करा" असाच होतो. वजन परत का आलं ह्याचं मी लोकांना देत आलेलं उत्तर हेच होतं. आग्रह. आणि त्याला पुरावा म्हणून यात्रा.

यात्रा म्हणजे आमच्या गावची महालक्ष्मीची. कित्येक वर्षांनी भरलेली. अशा यात्रेला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. देवी गदगेवर बसलेली, घराला रंग, दारात मांडव, झाडून सगळ्या लेकी माहेरी, आणि ओळखीच्या माणसाच्या ओळखीचासुद्धा जेवल्याशिवाय परत जायचा नाही. भावानं कर्ज काढलं होतं. वैनी तीन दिवस पहाटे तीनला उठत होती.

मी 67 वर होते आणि पर्समध्ये स्टीलची वाटी घेऊन गेले होते. हो, वाटी. दीडशे मिलीची, घरात मोजून घ्यायची सवय लागलेली. बायकांच्या पंगतीत मी ती बाहेर काढली. आत्ती म्हणाली, "ही कसली गे वाटी? तीर्थाची काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तीच म्हणाली, "दवाखान्यातलं जेवण जेवतीस काय आमच्यात येऊन?" ह्याला कोण हसलं नाही. वैनी मटणाचं पातेलं घेऊन माझ्यासमोर उभी. "माझ्या हाताला चव नाही म्हण की सरळ," असं म्हणून तिनं माझ्याकडं न बघता पुढच्या ताटात वाढलं. मी वाटी पर्समध्ये टाकली, ताट पुढं सरकवलं आणि जेवले.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत आहे. "तिथं घडी मोडली बघा," असं म्हणून मी थांबते, आणि तुम्ही मान हलवता, कारण प्रत्येकाच्या घरी एक आत्ती असते.

पण त्या दुपारी मी खाल्लं किती? तिची दीड भाकरी, दोन पळ्या मटण, थोडा भात. बस्स. एवढ्यानं कुणाचं काही बिघडत नाही. ह्या जेवणानं माझं काहीच मोडलं नव्हतं. दीड वर्ष मी वैनीवर खोटा आळ घेतलाय.

मोडलं ते त्या रात्री. एक वाजला असेल. सगळं घर जमिनीवर पसरलेलं. पोरांच्या अंगावरनं पाय टाकत मी स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायला, असं स्वतःला सांगितलं. तांब्या शोधायच्या आधी मात्र हात बुट्टीवरच्या फडक्याकडं गेला. भाकऱ्या गार झालेल्या. टोपात तळाला रस्सा, वर थिजलेली चरबी. दिवा लावला नाही. उभ्यानंच तुकडा मोडायचा, बुडवायचा, तोंडात घालायचा. नीट चावतसुद्धा नव्हते. भूक नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. दुसरी भाकरी झाली, तिसरी झाली, मग मोजायचं सोडलं. पीठ काट्यावर घालणारी बाई मी. पोट दुखायला लागलं तरी हात जात होता. वाईट ह्याचं वाटतं की चवसुद्धा आठवत नाही. वैनीच्या हाताची चव, जिच्यावरनं दुपारी एवढं झालं, ती मी घेतलीच नाही.

आणि मग दिवा लागला. आई दारात.

ती काही बोलली नाही. भिंतीला टेकवलेला पाट आडवा टाकला, ताट घेतलं, त्यात अर्धी भाकरी ठेवली, बाजूला रस्सा वाढला, चिमूटभर मीठ. "बसून खा गे." मी बसले. ती समोर बसली. ती अर्धी भाकरीही मी खाल्ली, कारण नको म्हणायचं धाडस नव्हतं आणि खरं सांगायचं तर खायची होती. मग तिनं माझ्या हातावर पाणी घातलं आणि जाऊन आडवी झाली.

तेव्हा मला ते रागावणं वाटलं. नंतर माया वाटली. आता कशाचीच खात्री नाही. एवढं मात्र लक्षात आलं की आईचं स्वतःचं ताट वाढलेलं मी कधी बघितलेलं नाही. ती सगळ्यांच्या शेवटी, चुलीपाशी, पातेल्यात उरलं असेल ते. उरलं तर खाल्लं, नाही तर चहा. पोटाला किती लागतं हे तिला कुणी विचारलं नाही, पातेल्यानं ठरवलं. मीही तशीच शिकले, फक्त माझ्या पातेल्यात रोज उरतं. आणि टाकवत नाही.

मुलगी म्हणते, "आई, हे सगळं छान आहे, पण तू कारणं शोधतेस." असेल. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलंय की वजन उतरवल्यावर भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेलीच राहतात. हे वाचून मला इतका आनंद झाला की वैनीनंतर दुसरा आरोपी मिळाला. पण संप्रेरकं भूक लावतात. दिवा लावू नको, असं ती सांगत नसावीत. ते लपवणं माझं मी केलं.

एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "ऊटा कडिमी माड्री", जेवण कमी करा, म्हणून पुढचा पेशंट बोलावला. मुलीच्या हट्टानं मग मानसोपचारवाल्यांकडं गेले. त्यांनी प्रश्न वेगळे विचारले. भरभर खाता? भूक नसताना? एकट्यानं, लाज वाटते म्हणून? नंतर स्वतःची किळस येते? आठवड्यातनं किमान एकदा, सलग तीन महिने असं होत असेल तर त्याला आजाराचं नाव आहे. माझं महिन्यातनं दोनदा. म्हणजे मी तिथंही अर्धवट. पण त्या बाईंनी एक विचारलं ते लागलं. "दिवसभर काय खाता?" मी अभिमानानं सांगितलं, सकाळी चहा, दुपारी एक भाकरी आणि काकडी, मग रात्रीपर्यंत काही नाही. आठ महिने हेच. त्या म्हणाल्या, "मग रात्र वसुलीला येणारच."

तुमचा सल्ला, थोडं कमी जेवायचं, मी तुमच्यापेक्षा जास्त पाळला होता. बहुतेक तोच नडला. बहुतेक म्हणते, कारण आता दुपारी नीट जेवते, चारला ताक-फुटाणे घेते, तरी गेल्या अमावास्येला पुन्हा झालं. निम्मी पुरणपोळी, कट्ट्याला टेकून, नवऱ्याला पाठमोरी. मग पाट ओढला आणि उरलेली निम्मी बसून खाल्ली. ह्याला सुधारणा म्हणायचं का, ते मला माहीत नाही. काटा तर नाही म्हणतो.

वैनीला मी अजून खरं सांगितलेलं नाही. परवा तिचा फोन होता, शेजारच्या गावची यात्रा आहे, तिच्या माहेरची. "वाटी घेऊन ये हवं तर," म्हणाली, आणि दोघी खूप हसलो. जायचं ठरवलेलं नाही.

उद्या डेपोत भेटालच. गुडघ्याचं विचारा. उजवा दुखतो, डावा बरा आहे.