अधिक एक लाख

परवा दुपारी गाडी ऑइल बदलायला टाकली होती. कार्डावर किलोमीटरचा आकडा लिहायला मिस्त्रींनी आत डोकं घातलं आणि ते बराच वेळ आतच ठेवलं. मग तिथूनच म्हणाले, "काका, 2,99,988. पेढे आणा."

गाडी 2007 ची. पेट्रोलवरची, साधी, सिग्नलला कुणी वळून बघावं असं तिच्यात काही नाही. 2022 मध्ये पंधरा वर्षं भरली आणि नेमकी त्याच एप्रिलपासून रीपासिंगची फी 600 ची 5000 झाली. घरात मतदान झालं. मी हरलो आणि गाडी ठेवली.

एवढी चालवली कशी, असं लोक विचारतात. सांगण्यासारखं काही नसतं. ऑइल वेळेवर बदलायचं, कूलंट संपलं म्हणून नळाचं पाणी ओतायचं नाही, टायमिंग बेल्ट तुटायची वाट बघायची नाही, क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. आणि गाडीत बसून गाडी विकायचा विषय काढायचा नाही. तिला ऐकू जातं. एकदा वाईच्या अलीकडे बायको सहज म्हणाली, "दिवाळीत बदलू या का?" पाचव्या मिनिटाला चाक बसलं. हसू नका, तुम्हीही बोलत नाही.

आमच्या अण्णांची गाडी स्टिअरिंगवर गिअर असलेली. तिच्या मीटरला पाचच आकडे. 1995 च्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला परतत होतो. शिरवळ सोडलं तेव्हा 99,983 झाले होते. पुढचं सीट सलग, त्यामुळे अण्णा, मी, धाकटी बहीण आणि आई असे चौघंही पुढेच. बॉनेटखाली इंजिनाचा पेट्रोल पंप तापू नये म्हणून त्यावर ओलं फडकं, आईच्या पायाशी पाण्याचा कॅन. मे महिन्यात खंबाटकी चढायचा म्हणजे एवढी तयारी असायचीच. घाट लागला, मीटरवर पाच नऊ आले आणि धाकटी म्हणाली, "मला उलटी होतेय."

"एक किलोमीटर थांब," अण्णा म्हणाले.

बिचारी तोंडावर हात दाबून थांबली. मागे एक ट्रक हॉर्न वाजवून थकला, कारण अण्णांनी गाडी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये रांगत ठेवली होती. पाचही नऊ एकदम हलले, अर्धे वर गेले आणि खालून शून्यांची टाळकी दिसायला लागली. मी श्वास धरून बसलो होतो. 00000. अण्णांनी गाडी कडेला घेतली, धाकटीने दार उघडलं आणि पुढचं सगळं यथासांग झालं. आई तिच्या तोंडावर पाणी मारत म्हणाली, "शून्य आले म्हणून गाडी नवी झाली का?"

घरी आल्यावर अण्णांनी एका जुन्या लग्नपत्रिकेचा कोपरा कापला, त्यावर बॉलपेनने "+ 1,00,000" लिहिलं आणि मीटरखाली चिकटपट्टीने लावलं. कशाला, तर म्हणे विकताना माणूस विसरतो.

2001 मध्ये गाडी विकायला काढली तेव्हा मीटरवर 31,000 होते. एजंट म्हणाला, साहेब, तो कागद तेवढा काढा. अण्णांनी काढला नाही. सात हजार कमी आले. ते सात हजार आईने पुढे कितीतरी वर्षं वापरले, भांडणात.

अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे एक शाळामास्तर होते. 1966 मध्ये घेतलेली व्होल्वो पी 1800 त्यांनी 32 लाख मैलांवर चालवली आणि 2018 मध्ये वारले. म्हणजे 51 लाख किलोमीटरच्या वर. मी हिशेब केला. सातारा-पुणे जाऊन-येऊन 220 धरले तर 23,000 हून जास्त खेपा. प्रत्येक खेपेला टोल. मला त्यांच्या गाडीचा हेवा वाटत नाही. एवढे किलोमीटर होऊनही कंबर धड राहिली असेल, तर तिचा वाटतो.

तर आमचे तीन लाख. बारा किलोमीटर उरले होते. रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन निघायचं, आकडा फिरताना बघायचा आणि कुठेतरी मिसळ खायची, असा बेत मी आखला. बायकोचा चेहरा थेट आईसारखा झाला, पण आली. मुलाला पुढे बसवून मोबाइल हातात दिला. 2,99,999 झाले. मी चौथ्यावरून तिसऱ्यावर आलो.

"बाबा," मुलगा मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "हिची एक्स्चेंजला अजून चांगली किंमत येतेय. आत्ताच काढून टाकू या ना."

"श्शऽऽ!" मी जवळजवळ ओरडलोच. मग गाडीत बसून काय बोलावं आणि काय बोलू नये, यावर मी त्याला बरंच काही ऐकवलं. त्याने माझी कीव केली. बायकोने मागून दोघांना गप्प केलं. समोर बघितलं तर मीटरवर 3,00,002.

फोटो कुणीच काढला नव्हता. मिसळ बरी होती, तर्री जरा कमी.

परत निघताना गाडीने दोन सेल्फ जास्त घेतले.