मारबतीच्या दिवशीची नोंद

नागपूर शहराच्या टोकाला असलेल्या एका लहान पोलीस ठाण्यात मी महिला हवालदार आहे. त्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणून माझी ड्युटी होती. ठाण्यात येणारा माणूस पहिल्यांदा ज्याच्यासमोर उभा राहतो, तो ठाणे अंमलदार. तक्रार ऐकणं, स्टेशन डायरीत नोंद घेणं, कोण कुठल्या ड्युटीला गेलं आणि कधी परतलं ते लिहिणं, हे सगळं त्याच्याकडे असतं.

तो तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी नंदी मिरवतात त्या सणाचा दिवस होता. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, की त्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. त्यांच्यामागे बडगे, म्हणजे टीका-टवाळीचे पुतळे, असतात. नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबती भेटतात तेव्हा इतवारी-महालच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. 'घेऊन जा गे मारबत' असा गजर सुरू झाला, की दोरखंडावर असलेल्या शिपायाला शेजारच्याचा आवाजही ऐकू येत नाही. हा बंदोबस्त अख्ख्या शहराच्या ठाण्यांतून माणसं काढून लावला जातो. आमच्यासारख्या लहान ठाण्याची निम्म्याहून जास्त माणसं सकाळीच तिकडे गेली होती. मागे राहिलो मी, वायरलेसवर एक जण, लॉकअप गार्ड आणि निवृत्तीला आलेले एक एएसआय, म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक.

दुपारी अडीचच्या सुमारास एक ई-रिक्षावाले काका आले. पंचावन्न-साठचे असावेत. अंगणात उभ्या असलेल्या ई-रिक्षाच्या चारही बॅटऱ्या रात्रीतून चोरीला गेल्या होत्या. खरं म्हणजे ते आदल्याच दिवशी येऊन गेले होते. 'आज पोळा आहे, माणसं नाहीत, उद्या या' असं सांगून त्यांना परत पाठवलं गेलं होतं. चार बॅटऱ्या म्हणजे त्या माणसाची कित्येक महिन्यांची कमाई. शिवाय रिक्षा उभी, म्हणजे रोजची चूलही बंद. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत बॅटऱ्यांचं बिल होतं, चार घड्या घातलेलं. मी त्यांना बसायला सांगितलं आणि फिर्याद टाइप करायला घेतली. तेवढ्यात नेट गेलं. सीसीटीएनएस, म्हणजे गुन्हे नोंदवायची संगणक प्रणाली, उघडेना. काका बाकावर बसून होते.

तीनच्या पुढे आमचा एक शिपाई बंदोबस्तावरून परतला. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. पोळ्याच्या दिवशी बंदोबस्त, मग रात्रगस्त, मग पहाटेच पुन्हा मारबतीला, असा तो आला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. घरी चार वर्षांचा मुलगा लाकडी नंदी सजवून बसला होता, पप्पा आले की तान्ह्या पोळ्याला जायचं म्हणून. शिपायाची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशीची होती. ती रद्द झाली होती. ती अशी दुसऱ्यांदा रद्द झाली होती, हे मला नंतर रजिस्टर पाहताना कळलं. तो खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटले.

काका उठून काउंटरपाशी आले. बोलले ते माझ्याशी, पण बोट त्याच्याकडे होतं. "मॅडम, काल म्हटलं उद्या या, आज बसवून ठेवलं. आमच्या बॅटऱ्या गेल्या अन् तुमचे पोट्टे झोपा काढून रायले."

शिपाई उठला आणि त्यानं काकांच्या कानशिलात मारली.

चष्मा काउंटरखाली गेला. काका ओरडले नाहीत. खाली वाकून त्यांनी आधी बिलाची पिशवी उचलली, मग चष्मा. एक काडी निखळली होती, ती खिशात ठेवली. शिपाई जागच्या जागी उभा होता, आपला हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा बघत.

एएसआय साहेब लगबगीनं बाहेर आले. त्यांनी शिपायाला आत नेलं, मला बाजूला घेतलं. "मॅडम, काकाले चहा पाजा. गुन्हा लगेच घ्या, बॅटऱ्याचा तपास मी सोता पायतो. विषय इथंच मिटवा. डायरीत काही टाकू नका. पोट्ट्याचं करिअर आहे, लेकरू लहान आहे."

एएसआय साहेब वाईट माणूस नाहीत. कोविडच्या काळात घरी न जाता ठाण्यात राहिलेला माणूस आहे तो. त्यांच्या हिशेबानं ते आपल्या माणसाला वाचवत होते. पोलिसांत हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: बाहेर काहीही होवो, आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं, नाहीतर उद्या कोणी जीव लावून काम करणार नाही. मला हा हिशेब कधीच पटलेला नाही. जे माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते डायरीत आलं नाही, तर त्या डायरीतल्या बाकीच्या नोंदींना काय अर्थ उरतो? मी वेळ टाकून नोंद केली. कोणी मारलं, कोणाला मारलं, कुठे मारलं, हजर कोण होतं, एवढंच लिहिलं. मग ठाण्याचे प्रमुख पोलीस निरीक्षक, म्हणजे पीआय साहेब, बंदोबस्तावर होते, त्यांना फोन लावला.

साहेब बदलून येऊन थोडेच महिने झाले होते. त्यांच्या आधीचे अधिकारी रोलकॉलला शिव्या घालत. शिव्या घातल्या की शिस्त राहते, अशी त्यांची समजूत. कोणाला किती ड्युटी लागतेय ते त्यांनी कधी पाहिलं नाही. हे साहेब आवाज चढवत नव्हते, म्हणून सुरुवातीला पोरांना ते मऊ वाटले होते.

साहेब साडेचारला आले, बूट-पँट गुलालानं माखलेले. मला वाटलं होतं आधी शिपायाला बोलावतील. त्यांनी आधी काकांकडे जाऊन टोपी काढली. "मी या ठाण्याचा प्रमुख आहे. माझ्या ठाण्यात तुमच्यावर हात उचलला गेला, त्याची मी माफी मागतो. आता आधी तुमची चोरीची फिर्याद. मारहाणीचं वेगळं घेऊ. दोन्ही एकमेकांत मिसळायचं नाही."

ते 'मिसळायचं नाही' मला फार महत्त्वाचं वाटतं. गुन्हा पटकन दाखल करून थप्पड विसरायला लावणं हा सौदा झाला असता. चोरीचा गुन्हा दाखल होणं हा त्या माणसाचा हक्क होता, आदल्या दिवशीपासूनचा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी प्रकरणात 2013 सालीच सांगितलंय, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येही नोंद आणि फिर्यादीला मोफत प्रत, दोन्ही आहेत. नेट सुरू झालं, फिर्याद घेतली, प्रत काकांच्या हातात दिली. 'उद्या या' कोणी सांगितलं, त्याचीही विचारणा साहेबांनी लेखी काढली.

मग मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावे पत्र, देऊन काकांना मेयो रुग्णालयात पाठवलं, सोबत दुसऱ्या पाळीचा माणूस. परतल्यावर त्यांचा जबाब साहेबांनी दुसऱ्या अधिकाऱ्याकडून घेतला. शिपायाविरुद्ध तक्रार द्यायची का, असं विचारल्यावर काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मले त्याची नोकरी नाही खायची साहेब. पण मले मारलं, हे लिवा. लिवलं पायजे."

लिहिलं गेलं. साहेबांनी त्या वेळचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा लेखी आदेश काढला. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा निकाल आहे. चित्रासोबत आवाजही हवा आणि साठवण अठरा महिन्यांची हवी, असं त्यात म्हटलंय. काका काय बोलले, शिपायाला डिवचलं गेलं की नाही, हे सगळं त्यात ऐकू येणार होतं. म्हणजे ते फुटेज शिपायाच्याही बाजूचं होतं.

शिपायाला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला ड्युटी रजिस्टर घेऊन यायला सांगितलं. शिपाई रडत होता. म्हणाला, "साहेब, चूक झाली, माफ करा, घरी सांगू नका."

साहेब म्हणाले, "रिपोर्ट उपायुक्त साहेबांकडे जाणार. तू मारलंस, हे मी त्यात लिहिणार. आणि तुला झोप मिळालेली नव्हती, सुट्टी दोनदा रद्द झाली होती, हेही मीच लिहिणार. पहिल्यासाठी जबाबदार तू. दुसऱ्यासाठी कोण, ते आता बघतो." मग रजिस्टर उघडून बोट फिरवायला लागले.

त्या रजिस्टरात काय होतं ते सांगितल्याशिवाय ही हकीकत अर्धी राहील. रात्रगस्त, बाहेरचा बंदोबस्त, कैदी पार्टी (कैद्यांना ने-आण करणं), अशा जड ड्युट्यांवर तीच ती चार-पाच नावं फिरत होती. सगळी नवीन पोरं, ज्यांच्या ओळखी नाहीत. काही नावं मात्र महिनोन्‌महिने दिवसपाळीतच. ड्युट्या लावणारे हजेरी मेजर आणि ती नावं यांचं जुनं जमत होतं. सगळ्या ठाण्याला हे माहीत होतं, पण बोलायचं कोणी? बोललं की पुढची रात्रगस्त आपली.

आमच्या खात्यात वर्षभराचा बंदोबस्त ठरलेला असतो. पोळा-मारबत झाली की दहा दिवस गणपती, मग नवरात्र, कोराडीची गर्दी, मग विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय, दिवाळी, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की मोर्चे. माणूस दमणार हे गृहीतच आहे. मी महिला कर्मचारी म्हणून सांगते, 2021 साली आमच्यासाठी आठ तासांची ड्युटी सुरू झाली ती नागपुरातच, तेव्हाचे आयुक्त अमितेश कुमार यांच्या काळात, आणि पुढे ती राज्यात गेली. सणाच्या बंदोबस्तात ती टिकत नाही, तरी एरवी तिचा केवढा आधार असतो ते मी जगलेय. पुरुष सहकाऱ्यांना तेवढंही नाही. पण दमणूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली तर माणूस सोसतो. शेजारचा घरी जातोय आणि आपणच रोज उभे आहोत, हे डोळ्यांनी दिसायला लागलं की आतून सडायला सुरुवात होते. त्याची किंमत काउंटरवर आलेला माणूस मोजतो, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नसतो.

संध्याकाळच्या रोलकॉलला वातावरण तापलेलं होतं. साहेबांनी आपल्याच पोराला टांगलं, अशी कुजबुज आधीच सुरू झाली होती. एएसआय साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, असं असंल तर उद्या कोण मनापासून काम करंल?"

साहेब म्हणाले, "तुम्ही सर्वांत जुने. मला सांगा, गेल्या महिन्यात यातल्या कोणाला किती रात्रपाळ्या लागल्या?" एएसआय साहेब गप्प. साहेबांनी रजिस्टरातली नावं वाचून दाखवली, फक्त नाव आणि रात्रपाळ्यांचा आकडा. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी काहींच्या माना खाली गेल्या. मग म्हणाले, "उद्यापासून आठवड्याचा ड्युटीचा तक्ता फळ्यावर लागेल. सुट्टी रद्द झाली तर ती कोणत्या दिवशी परत मिळणार, ते त्याच ओळीत लिहिलेलं असेल. पहिल्या रात्रगस्तीला माझं नाव आहे." हजेरीचं काम दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे गेलं.

पुढे विभागीय कारवाई झाली. मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम, 1956 प्रमाणे शिपायाची एक वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. साहेबांनी त्याची बाजू रिपोर्टात मांडली नसती तर शिक्षा जास्त झाली असती, असं कार्यालयातल्या लोकांचं मत. काकांच्या बॅटऱ्या मिळाल्या नाहीत. डीबी पथकानं, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकानं, एका भंगारवाल्याकडून काही बॅटऱ्या जप्त केल्या, पण बिलावरच्या नंबराशी जुळल्या नाहीत. काका दोन-तीनदा विचारायला आले. शेवटी उधारीवर नवीन घेतल्या म्हणाले. याचं मला आजही वाईट वाटतं. कागद सगळे चोख झाले आणि माणसाचं नुकसान तसंच राहिलं.

शिपाई माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. गणपती विसर्जनाला फुटाळा तलावाच्या बाजूला आमची एकत्र ड्युटी लागली तेव्हा त्यानं पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "नोंद करायच्या आधी मले एकदा सांगायचं असतं मॅडम." मी म्हटलं, "सांगितलं असतं तरी केलीच असती." त्यानं मान हलवली. पटलं म्हणून की नाइलाज म्हणून, मला कळलं नाही. पण त्यानंतर काउंटरवर त्याचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. दसऱ्याच्या आठवड्यात त्याची सुट्टी रद्द झाली, ती तक्त्यात लिहिलेल्या दिवशी त्याला परत मिळाली. त्या दिवशी तो फोन बंद करून घरी झोपला होता.

साहेबांची बदली झाली. नवे अधिकारी आले आणि पहिल्याच रोलकॉलला त्यांनी विचारलं, कोणाची काही अडचण? अशा वेळी रांगेतून सहसा कोणी बोलत नाही. एएसआय साहेब एक पाऊल पुढे आले. "साहेब, आपल्या इथं ड्युटीचा तक्ता फळ्यावर लागते. अन् सुट्टीच्या बदल्यातला दिवस त्याच्यातच लिवते. तेवढं चालू ठेवा."

नव्या साहेबांनी चालू ठेवलं. रात्रगस्तीच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव अजून आलेलं नाही. रोलकॉलनंतर पोरं दर सोमवारी फळ्यापाशी थांबतात तेव्हा तो रकाना आधी बघतात.