मोगऱ्याच्या मेणबत्तीचा २०० ग्रॅमचा जार: जळण्याचे तास ० ते ३३

सामान: सोया वॅक्स (सोयाबीन तेलाचं मेण) २०० ग्रॅम, मोगऱ्याचं सुगंधी तेल १६ ग्रॅम (वॅक्सच्या ८ टक्के), आतून ७.५ सेंमी व्यासाचा जाड काचेचा जार, मधोमध एक सुती वात. ओतल्यावर झाकण लावून १४ दिवस मुरवला. लोणच्यासारखंच आहे हे. सोया वॅक्स मुरलं नाही तर जळताना वास खोलीभर पोचत नाही. तुलनेसाठी अगदी तसाच दुसरा जारही केला. जागा सांगली, महिना एप्रिल.

तास ०. वजन (जार वजा करून) २१६ ग्रॅम. काचेच्या कडेला पांढरी नक्षी उठली आहे. ती बुरशी नाही, सोया वॅक्सचे स्फटिक आहेत. जळण्यावर काही परिणाम होत नाही. वर तेलाचे बारीक थेंब मात्र दिसले. उकाड्यात मेण सैल पडलं की तेल बाहेर येतं. ते टिश्यूने टिपूनच काडी लावायची, नाहीतर पेटवताना ज्योत भडकते. यावर फ्रिज हा उपाय नाही, एकदम गार झालं की मेण काच सोडतं आणि तडकतं. बंद कपाटाचा खालचा कप्पा बरा.

तास ० ते ३. सगळ्यात महत्त्वाचं जळण हेच. नियम असा की दर २.५ सेंमी व्यासाला साधारण १ तास द्यायचा. म्हणजे या जारला ३ तास. वितळलेलं मेण २ तास ४० मिनिटांनी सगळीकडून काचेला टेकलं. या वितळलेल्या तळ्याची खोली ६ मिमी. ३ तासांनी मालवला, वजन २०३ ग्रॅम.

जोडीचा जार मुद्दाम रोज एकच तास लावला. चौथ्या दिवशी मधोमध साडेचार सेंमी रुंद, सव्वा सेंमी खोल विहीर पडली. इंग्रजीत याला टनेलिंग म्हणतात, पण विहीर हा शब्द जास्त नेमका बसतो. कडेचं मेण घट्टच राहतं, वितळलेलं सगळं खड्ड्यात साचतं, आणि वात त्यात बुडत जाते. ज्योत हरभऱ्याच्या दाण्याएवढी झाली होती. वास तर जवळपास नाहीच, कारण वास येतो तो वितळलेल्या मेणाच्या पसरट पृष्ठभागावरून.

दुरुस्ती: अॅल्युमिनियम फॉइलची टोपी काठावर घट्ट बसवली, मध्ये ३ सेंमीचं भोक ठेवलं. उष्णता आत कोंडते आणि कडा वितळतात. दीड तासात पृष्ठभाग सपाट झाला. फॉइल चांगलंच तापतं, त्यामुळे हा दीड तास शेजारून उठायचं नाही आणि ते गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

तास ३ ते १०. प्रत्येक वेळी लावण्याआधी, मेण गार असताना, वात ५ ते ६ मिमी ठेवून कापली. साधं नेलकटर पुरतं. समईची काजळी आपण झाडतोच, तीच शिस्त इथे. वात लांब राहिली तर तिच्या टोकाला कोळशाची टोपी धरते, ज्योत उंच होऊन थरथरते आणि काच काळी पडते. फार आखूड कापली, ३ मिमीच्या खाली, तर ती मेणात बुडून विझते. कापलेला तुकडा चिमट्याने बाहेर काढायचाच. मेणात पडलेला तुकडा दुसरी वात होऊन पेटू शकतो.

तास ११. पंखा दोनवर ठेवून पाहिला. दहाच मिनिटांत ज्योत एका बाजूला झुकली, त्या बाजूची काच वरून दोन बोटं काळवंडली आणि समोरच्या कडेचं मेण तसंच घट्ट राहिलं. जार हलवून उपयोग नाही, छताच्या पंख्याचा वारा खोलीत सगळीकडे फिरतो. उन्हाळ्यात पंखा लागायच्या आत, पहाटेच जार लावावा.

तास ११ ते ३०. रोज ३ तास, कधीच ४ च्या वर नाही. ४ तासांनंतर तळं फार खोल होतं, वातीवर काजळी साठते आणि जार हातात धरवत नाही. सरासरी खप तासाला ५ ग्रॅम. मालवताना फुंकर नको, गरम मेण उडतं आणि जळक्या वातीचा धूर मोगऱ्यावर मात करतो. टोक वाकवलेल्या तारेने वात मेणात बुडवायची आणि लगेच सरळ करायची. धूर जवळजवळ होत नाही आणि मेण माखलेली वात पुढच्या वेळी पटकन धरते.

दोन जार शेजारी लावले तेव्हा मध्ये १० सेंमी अंतर ठेवलं. पडदा, देवघराची झालर, वरची फळी यांपासून लांब. आणि लाइट गेली की पेटता जार उचलून घरभर फिरायचं नाही. त्याला टॉर्च आहे. मेणानेच पेट घेतला तर पाणी अजिबात नाही. पाणी जड, ते मेणाखाली जातं, वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगतं आणि पेटतं मेण वर फेकतं. ताटली किंवा धातूचं झाकण ठेवून हवा तोडायची.

तास ३३. तळाशी १२ मिमी मेण उरलं, वजन ४९ ग्रॅम. इथे थांबायचं. याखाली ज्योतीची उष्णता थेट काचेच्या बुडाला लागते, काच तडकू शकते. ४९ ग्रॅम वाया गेले असं वाटतं, पण जात नाहीत: जार गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला, मेण सुटलं, गाळून वाटीत ठेवलं. सिंकमध्ये एक थेंबही नाही, पाइपात गोठतं. वातीच्या बुडाची पत्र्याची चकती सुरीने उचकटून काढली.

पुढचा जार: तोच मोगरा, ८.५ सेंमी व्यास, वात एका मापाने जाड. पहिलं जळण साडेतीन तास.