निरोगी रक्तही गाळणीत अडलं तेव्हा

मे महिन्यात धानोरा तालुक्यातल्या सिकलसेल शिबिरातून रक्ताच्या चौदा नळ्या आल्या. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होण्याचा आनुवंशिक आजार. तेरा रुग्णांच्या, एक आशाताईंची. ताईंचं रक्त निरोगी. तुलनेसाठी प्रत्येक शिबिरात असं एक रक्त आम्ही त्याच डब्यातून आणतो. काम होतं तांबड्या पेशींची लवचिकता मोजण्याचं.

तांबडी पेशी 7 ते 8 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, आणि प्लीहेतल्या फटी एक-दोन मायक्रॉनच्या. अंग चोळून, लांबट होऊनच तिला तिथून निघावं लागतं. लेझरच्या उजेडात ताणलेल्या पेशींचा आकार मोजणारं एक्टासायटोमीटर आमच्याकडे नाही, म्हणून आम्ही गाळण पद्धत वापरतो. 5 मायक्रॉन छिद्रांची पॉलिकार्बोनेट मेम्ब्रेन, म्हणजे प्लास्टिकची पातळ गाळणी, 10 सेंटिमीटर पाण्याइतका दाब. आधी नुसता बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं खारट द्रावण, सोडायचा, मग त्याच मेम्ब्रेनमधून तेवढंच पेशींचं 5 टक्के सस्पेन्शन, म्हणजे बफरमध्ये मिसळलेल्या पेशी. दुसऱ्या वेळेला पहिल्या वेळेनं भागलं की निकाल. निरोगी रक्ताला आमच्या मांडणीत बफरच्या दुपटीहून थोडा जास्त वेळ लागतो.

त्या दिवशी आशाताईंच्या रक्तालाच सहापट वेळ लागला.

पहिला संशय पांढऱ्या पेशींवर. त्या मोठ्या आणि ताठ. थोड्या राहिल्या तरी छिद्रं बुजवतात. म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये नळी वेगानं फिरवून थर वेगळे झाले की प्लाझ्मासोबत वरची पांढरट सायही पूर्ण ओढून घ्यायची, त्यासाठी थोड्या तांबड्या पेशी गेल्या तरी चालतील. पण छिद्रं बुजत असली की धार सुरुवातीला बरी असते आणि हळूहळू मंदावते. इथे ती पहिल्या थेंबापासूनच मंद होती. म्हणजे पेशीच ताठ.

मग बफर. उन्हाळ्यात बाटलीचं झाकण सैल राहिलं की पाणी उडून द्रावण दाट होतं, ते पेशीतलं पाणी ओढतं, आतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि पेशी कडक होते. पीएच 7.4 आणि ऑस्मोलॅलिटी (द्रावणाचा दाटपणा) 290 हे त्यासाठीच सांभाळायचं. प्रयोगशाळेतल्याच एकाचं ताजं रक्त त्याच बफरमध्ये तीनदा धुऊन सोडलं. सहज उतरलं. बफर निर्दोष होता.

शेवटी आशाताईंच्या रक्ताची काचपट्टी लीशमन रंगानं रंगवून शंभरच्या लेन्सखाली धरली. पेशींच्या कडांना मोड फुटल्यासारखे बारीक फुगे आले होते. काही फुगे तुटून वेगळे झालेले, मध्ये मध्ये लहान, गोल, भरीव गोळ्या. भाजलेल्या रुग्णाच्या रक्तात दिसतं तसंच.

ड्रायव्हरदादांना फोन लावला. ते म्हणाले, "डबा समोर काचेजवळच होता जी. मांगं औषधाचे खोके होते. जेवाले थांबलो तवा गाडी उन्हातच होती."

पेशीच्या कवचाला आतून आधार देणारं स्पेक्ट्रिन हे प्रथिन 49-50 अंशांना बिघडतं. मेच्या उन्हात बंद गाडीच्या काचेमागे तेवढी उष्णता सहज होते. खात्रीसाठी ताज्या रक्ताची एक नळी वॉटर बाथमध्ये 50 अंशांना दहा मिनिटं ठेवली. तेच फुगे, तशीच मंद धार.

तेराही निकाल थांबवले. त्यातला ताठपणा सिकलचा किती आणि उन्हाचा किती, हे वेगळं करता येत नाही. याचं फार वाईट वाटलं, कारण सिकलच्या लेकरांच्या शिरा आधीच सुया सोसून थकलेल्या असतात आणि आता त्यांनाच पुन्हा टोचायचं होतं.

दुसऱ्या खेपेला डबा मागच्या सीटखाली ठेवला. बर्फाच्या पिशव्या आणि नळ्या यांच्यात थर्माकोल, कारण बर्फाला टेकलेली नळी गोठते आणि पेशी फुटतात. आत थर्मामीटर, आणि दर अर्ध्या तासाला वहीत नोंद. आल्या आल्या नळ्या हलक्या हातानं फिरवून रक्ताला हवा दिली. ऑक्सिजन कमी असेल तर सिकलचं हिमोग्लोबिन पेशीतच दोऱ्यांसारखं गोठतं आणि आकडा उगाच वाढतो. दुपारी तीनला आशाताईंचं रक्त दुपटीहून थोड्या जास्त वेळात उतरलं. त्यानंतरच मुलांच्या नळ्या उघडल्या.