लूदाँच्या झपाटलेल्या नन आणि पाडलेला किल्ला

फ्रान्समधल्या लूदाँ गावाला रेल्वे जात नाही, हे आधी लक्षात घ्या. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने प्वातिए शहर दीडेक तासात येतं. पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटर बसने किंवा भाड्याच्या गाडीने. गाडीच घ्या, कारण जवळचं रिशल्यू गाव बघितल्याशिवाय हे प्रकरण नीट उमगत नाही.

1632 मध्ये प्लेगने गाव हवालदिल झालेलं असताना इथल्या उर्सुलाइन या कॅथलिक पंथाच्या मठातल्या नन किंचाळू लागल्या, अंग वेडंवाकडं करू लागल्या. मठप्रमुख झान देझांज हिने बोट दाखवलं ते सँ-पिएर चर्चच्या यूर्बाँ ग्रांदिए या पाद्र्याकडे. माणूस देखणा, जिभेने तिखट आणि बायकांच्या भानगडींमुळे बदनाम. गावात शत्रूंना तोटा नव्हता. भुतं उतरवण्याचे विधी चारचौघांत चालायचे आणि लांबलांबून बघे यायचे. अनोळखी भाषा बोलणं ही झपाटल्याची खूण मानत, पण इथल्या सैतानांचं लॅटिन व्याकरणात मार खायचं! लोक हसलेही. उपयोग शून्य.

कारण खरी मेख गावच्या किल्ल्यात होती. फ्रान्सचा तेव्हाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू याला तो पाडायचा होता आणि ग्रांदिए पाडणाऱ्यांच्या विरोधात. पाडकामावर देखरेखीला आलेला सरकारी अधिकारी लोबार्दमाँ, त्याच्याकडेच खटला सोपवला गेला. 18 ऑगस्ट 1634 रोजी ग्रांदिएचे पाय पाचरी ठोकून चिरडले आणि सँत-क्रुआ चर्चच्या चौकात त्याला जिवंत जाळलं. भुतं मात्र त्यानंतरही काही वर्षं गेली नाहीत. मठप्रमुख बाईसाहेब तर 1638 मध्ये हातावर उमटलेली पवित्र नावं दाखवत फ्रान्सभर फिरल्या.

चौक लहान आहे, पाच मिनिटांत बघून होतो. मग तूर कारे हा किल्ल्याचा उरलेला चौकोनी बुरूज बघा; वर चढायचं असेल तर वेळा पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. फ्रान्सचं पहिलं साप्ताहिक काढणारा रनोदो याच गावचा, त्याचं संग्रहालयही आहे.

दुपारी रिशल्यूला जा. कार्डिनलने आखून वसवलेलं गाव: सरळसोट रस्ते, आणि मुख्य रस्त्यावरची घरं अशी की एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं. त्याचा स्वतःचा महालही पुढे एकोणिसाव्या शतकात पाडला गेला; आता उद्यान आणि काही किरकोळ इमारती तेवढ्या उरल्यात.

बारा ते दोन बरंच काही बंद असतं, सोमवारीही तीच गत, तेव्हा डबा जवळ ठेवा. मुक्कामाला शिनाँ बरं. रिशल्यूहून वीसेक किलोमीटर आहे आणि तिथे रात्री जेवायला मिळतं.