तुम्ही विचारलंत म्हणून : चीन परदेशी पत्रकाराला घालवतो कसा?

‘चीनने पत्रकाराला हाकललं म्हणजे काय? पोलीस येऊन विमानात बसवतात का?’ हे बरेचजण विचारतात. सहसा तसं काही होत नाही. मुदत संपू देतात, बस.

तिथे राहून बातमीदारी करायची तर दोन कागद लागतात: परराष्ट्र मंत्रालयाचं पत्रकार-ओळखपत्र आणि पोलिसांकडचा रहिवासी परवाना. पहिल्याशिवाय दुसरा मिळत नाही, आणि दोन्ही एरवी वर्षभराचे. म्हणून डिसेंबर उजाडला की बीजिंगमधले वार्ताहर नूतनीकरणाच्या चिंतेत. नाराजी असेल तर वर्षाऐवजी सहा, तीन, कधी एकच महिना हातावर ठेवतात. एका महिन्याच्या परवान्यावर घराचा करार काय करणार आणि मुलांची शाळा काय ठरवणार? नकार लेखी देण्याचीही गरज नसते. अर्ज नुसता पडू दिला की काम होतं. 2015 मध्ये उर्सुला गोतिए या फ्रेंच पत्रकाराने शिनजियांग प्रांतातल्या उइगूर मुस्लिमांविषयी लिहिलं, मागितलेली जाहीर माफी नाकारली, आणि वर्षाअखेर तिला निघावं लागलं.

पण खरा दाब असतो स्थानिक सहायकांवर. चिनी नागरिकाला परदेशी माध्यमासाठी स्वतः वार्तांकन करता येत नाही, तो ‘वृत्त-सहायक’च राहतो. वार्ताहराला फार तर देश सोडावा लागेल. सहायकाने कुठे जायचं? ब्लूमबर्ग या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या सहायक हेज फॅनला डिसेंबर 2020 मध्ये ताब्यात घेतलं ते घरूनच.

उघड हकालपट्टी झाली ती त्याच वर्षी, आणि तिच्यामागे अमेरिकेशी चाललेली देवाणघेवाण होती. फेब्रुवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या तिघांची ओळखपत्रं रद्द झाली, तीही त्यांनी न लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यावरून. मार्चमध्ये अमेरिकेने आपल्या देशातली चिनी सरकारी माध्यमांची माणसं 160 वरून 100 वर आणली. लगेच चीनने तीन अमेरिकी वृत्तपत्रांच्या अमेरिकी वार्ताहरांना, ज्यांची ओळखपत्रं त्या वर्षी संपणार होती त्यांना, दहा दिवसांत ती परत करायला सांगितली. हाँगकाँग-मकाऊमध्येही काम करायला बंदी घातली.

आपलंही असंच झालं. 2023 च्या सुरुवातीला चीनमध्ये चार भारतीय वार्ताहर होते. जूनमध्ये शेवटच्यालाही, पीटीआयच्या, निघायला सांगितलं. त्याआधी भारताने शिन्हुआ ही चिनी सरकारी वृत्तसंस्था आणि चिनी सरकारी टीव्हीच्या माणसांचे व्हिसा वाढवले नव्हते. दिल्लीची एक तक्रार मात्र जुनीच होती: तिथे भारतीय माध्यमांना स्थानिक माणूस वार्ताहर म्हणून नेमता येत नाही.