आमची वाटचाल : हाताच्या पाठीपासून लाल टाळ्यापर्यंत

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते मिस्त्री लाइन चालू आहे की नाही हे हाताच्या पाठीने बघायचे. बोटांची पेरं मागून तारेला हलकेच लावायची. त्यामागे हिशेब होता. करंटने स्नायू आवळले की मूठ मिटते. तळहाताने शिवलं तर तार मुठीत अडकते, पाठीने शिवलं तर हात तारेपासून लांब जातो. हिशेब बरोबर, पद्धत मात्र वेडेपणाची. मी स्वतःचा धंदा सुरू केला तेव्हा सुरक्षिततेचं एवढंच ज्ञान आणि खिशाला अडकवलेला एक निऑन टेस्टर माझ्याकडे होता.

मोटारी आणि कंट्रोल पॅनलची दुरुस्ती हे काम. मी, एक जोडीदार, हत्यारांची एक पिशवी आणि एक शिडी. शिडीही ॲल्युमिनियमची. यंत्र न थांबवता, चालू लाइनवर काम करून देणारे म्हणून आमचं नाव झालं आणि कामं येत गेली. आम्ही ते मिरवायचो. आज हे लिहिताना कसंसंच होतं.

मग ती पंपाची मोटार आली. ऑपरेटर म्हणाला, "मेन बंद केलाय." जोडीदाराने टर्मिनल बॉक्स उघडला, एक हात आत घातला, दुसरा मोटारीच्या अंगावर टेकवला. जमीन ओली होती. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत तिसऱ्याच कुणाला मेन स्विच खाली पडलेला दिसला. ट्रिप झाला असेल असं समजून त्याने तो वर केला. त्याचा वाईट हेतू नव्हता, उलट तो मदतच करत होता.

जोडीदार ओरडला नाही. छातीचे स्नायू आवळले की आवाज फुटत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला धरायला हात पुढे केला आणि कसा कोण जाणे मागे घेतला. धरलं असतं तर आम्ही दोघंही चिकटलो असतो. धावत जाऊन स्विच पाडला. तो वाचला. तळहातावर भाजल्याचा खड्डा राहिला आणि हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात म्हणून डॉक्टरांनी त्याला रात्रभर ईसीजी लावून ठेवलं. तो आजही माझ्याबरोबर आहे. त्या ऑपरेटरवर त्याचा राग नाही, माझ्यावर थोडा आहे, आणि तो रास्त आहे. आत मी उभा होतो, टेस्टर माझ्या खिशात होता.

त्या रात्री बाकावर बसून मी पहिल्यांदा आकडेमोड केली. ओल्या, घट्ट धरलेल्या हातांमधून शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरतात. २३० व्होल्ट असतील तर २३० मिलिअँपिअर. एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, १६ अँपिअरचा. त्याच्या लेखी माणूस म्हणजे पन्नास-साठ वॅटचा एक बल्ब, तो कशाला पडेल? एमसीबी तार जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना "एमसीबी आहे ना, मग काळजी नाही" म्हणत होतो.

चार्ल्स डॅलझील नावाच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं होतं की किती करंटपर्यंत माणूस हातातला तारेचा तुकडा आपल्या इच्छेने सोडू शकतो. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्याच्या वर गेलं की हात आपला राहत नाही. गळती ओळखून लाइन तोडणारं उपकरणही त्यांनीच १९६१ मध्ये तयार केलं. आपण आज जो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतो, तो त्याच जातीचा. तेवढ्या गळतीला त्याने ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवं, पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांत. इथे एक गैरसमज भल्याभल्यांचा असतो. आरसीसीबी झटका कमी करत नाही. करंट अंगातून तितकाच जातो, फक्त हृदयाची लय बिघडायच्या आत तोडला जावा एवढीच अपेक्षा. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल असेल तर तो पडणारच नाही, कारण गेलेला करंट पूर्ण परत आलेला दिसतो. मधे बल्ब आहे की माणूस, हे त्याला कळत नाही.

पहिला गेला तो निऑन टेस्टर. तो दिवा आपल्याच अंगातून जाणाऱ्या किंचित करंटवर लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी तळव्याचे बूट घालून उभे राहा, मिणमिणतो. उन्हात धरा, दिसत नाही. आणि मेलेला टेस्टर आणि मेलेली लाइन, दोन्ही अगदी सारखेच दिसतात. त्याजागी दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर आला, आणि त्याच्याबरोबर एक रीत : आधी तो नक्की चालू असलेल्या लाइनवर लावून बघायचा, मग कामाच्या जागी, आणि मग परत चालू लाइनवर. तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थ मिळून पाच टोकं, म्हणजे दहा जोड्या. दहाच्या दहा तपासायच्या. न्यूट्रलला सोडायचं नाही. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल कुणीतरी यालाच जोडून ठेवलेला असतो, आणि तो सुटला की त्याच्या टोकाला पूर्ण व्होल्टेज उभं राहतं. जनरेटर किंवा इन्व्हर्टरमधून उलटी येणारी लाइन हा तर वेगळाच ताप.

मग टाळी, म्हणजे कुलपं, आली. दारामागच्या खिळ्याला लाल टाळ्यांचा जुडगा टांगलेला असतो. प्रत्येकाचं टाळं वेगळं, त्याला एकच किल्ली, आणि ती त्याच्याच खिशात. तिघं कामावर असतील तर आयसोलेटरच्या, म्हणजे लाइन तोडणाऱ्या स्विचच्या, कडीला तीन टाळी आणि तीन चिठ्ठ्या. एकाने जरी काढायचं राहिलं तरी स्विच वर जात नाही. मालक म्हणून माझ्याकडे दुसरी किल्ली नाही, मुद्दाम ठेवलेली नाही. एकदा एक मुलगा किल्ली खिशात घेऊन घरी गेला आणि गिऱ्हाईक माझ्यावर दीड तास तोंडसुख घेत होतं. मी त्या मुलाला बोलावून आणलं, टाळं कापलं नाही.

यात धंदा बुडाला का? पहिल्या वर्षी बऱ्यापैकी. "पाच मिनिटांचं काम आहे, बंद कशाला करता" हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं, तितकी गिऱ्हाइकं गेली म्हटलं तरी चालेल. जी राहिली त्यांच्या दरपत्रकात आम्ही यंत्र बंद ठेवण्याचा वेळ वेगळा लिहू लागलो. लिहिलं की त्यावर भांडण होतं, पण नंतर होत नाही. काही महिन्यांनी मोठ्या कामांची विचारणा आली ती या टाळ्यांमुळेच. त्यांना तशीच माणसं हवी होती. हे आम्ही ठरवून केलेलं नव्हतं, उगाच श्रेय घेत नाही.

दोष शोधताना लाइन चालू ठेवावीच लागते, त्याला इलाज नाही. तेव्हा दोघं जातात, इन्सुलेटेड हातमोजे घालतात, अंगठी-कडं-घड्याळ काढतात, आणि मीटर त्या जागेच्या कॅटेगरीचाच, म्हणजे तिथला व्होल्टेजचा झटका सोसेल असाच, नेतात. आमचा एक स्वस्तातला मीटर फुटलेला मी अजून कपाटात ठेवलाय. नव्या मुलाने आधी करंट मोजला, वायर अँपिअरच्याच भोकात राहिली आणि तसंच दोन फेजमध्ये व्होल्टेज बघायला गेला. अँपिअरच्या भोकातला मीटर म्हणजे तारेचा तुकडाच, सरळ शॉर्ट. भुवया जळल्या, डोळे चष्म्यामुळे वाचले. चांगल्या मीटरमध्ये तिथे मोठा एचआरसी फ्यूज असतो, शॉर्टचा प्रचंड करंटही न फुटता तोडणारा. आमच्यात काचेची नळी होती.

टेबलावरचं कामही निर्धोक नसतं. एक व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह, दुरुस्तीला आला होता. सप्लाय काढून बराच वेळ झाला होता, झाकणावर लिहिलेली थांबायची मिनिटं कधीच सरली होती. मी बेफिकीर. आतला डिस्चार्ज रेझिस्टर, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवणारा भाग, जळलेला, त्यामुळे कपॅसिटर भरलेलाच. ४०० व्होल्टच्या ड्राइव्हची डीसी बस, म्हणजे त्या कपॅसिटरची आतली डीसी लाइन, ५०० व्होल्टच्या वर असते. हात इतक्या जोरात मागे आला की पान्हा माझ्याच गालावर बसला. आता वाट बघून झाल्यावरही बस मोजतो, आणि उरलेलं व्होल्टेज रेझिस्टरमधून उतरवतो, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून नाही.

छाती दाबून श्वास देणं आमच्यात सगळ्यांना येतं : ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०चा वेग. सगळ्यात नीट येतं ते हिशेब सांभाळणाऱ्या ताईंना. दिवसभर कार्यशाळेत त्याच असतात, त्यामुळे त्यांनीच शिकायचा आग्रह धरला होता.

सध्या अडलोय ते सोलरपाशी. विचारणा रोज येते. पण ऊन आहे तोवर पॅनलच्या तारांमध्ये व्होल्टेज असणारच, इन्व्हर्टर बंद करून ते जात नाही, आणि डीसीचा करंट एसीसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नसल्यामुळे त्याची ठिणगी सहज विझत नाही. आमची सगळी रीत लाइन बंद करण्यावर उभी, आणि इथे सूर्याला टाळं लावायचं कसं? दोन मुलं त्याचं प्रशिक्षण घेताहेत. जोडीदारही त्यांच्याबरोबर गेलाय, या वयात. ते परत येईपर्यंत सोलरच्या कामाला आम्ही नाही म्हणतोय.